बस्ता, बर्डी आणि काचेजवळचं टेबल

आमच्या भागात लग्न जमलं की बस्त्यासाठी नागपूर गाठायचं, हे ठरलेलंच. पूर्वी सोबत शिदोरी असायची. पोळ्या, आलूची कोरडी भाजी, जवसाची चटणी, कांदा. कापड घेऊन झालं की कुठंतरी सावली बघून फडकं सोडायचं आणि जेवून घ्यायचं. आता घरातली पोरं ऐकत नाहीत. मोठ्या स्टोअरमध्ये साड्या, शेरवानी, बूट, टॉवेल सगळं एकाच छपराखाली मिळतं आणि सगळ्यात वर काचेच्या भिंतींचं रेस्टॉरंट असतं, तिथून म्हणे अर्धं नागपूर दिसतं. "वरच जेवू," हे पोरांचं घरून निघतानाच ठरलेलं असतं.

मी तीन बस्त्यांत असा वरचा मजला चढलो. पहिल्यांदा सपशेल फसलो. मे महिना, दुपारचे चार, पश्चिमेकडची काच. ऊन आईच्या डोळ्यांत येत होतं म्हणून पोऱ्यानं पडदा ओढला, म्हणजे ज्यासाठी चढलो तेच झाकलं गेलं. जेवण विचारलं तर "किचन सातला सुरू होईल, आता फक्त सँडविच, चहा." बिलात दहा टक्के जादाचे लावलेले, ते मी मुकाट्यानं दिले. वरून शेवटची एसटी चुकली. दुसऱ्या खेपेला थोडं सुधारलं, तिसऱ्या खेपेला मात्र आई खिडकीजवळून उठायला तयार नव्हती. या तिन्ही खेपांतून जे कळलं ते इथं लिहितो.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या. तिथलं जेवण घरच्यापेक्षा चांगलं नसतं, आपल्या झणझणीत नागपुरी सावजी जेवणाच्या जवळपासही जात नाही. तुम्ही पैसे मोजता ते काचेजवळच्या खुर्चीचे. मग दिवस, वेळ, टेबल, मागवायचं काय, हे सगळं त्या खुर्चीच्या हिशेबानं ठरवायचं.

दुकानाच्या डोक्यावर हॉटेल कशाला?

हे आजचं नाही. शिकागोतल्या मार्शल फील्ड या मोठ्या दुकानाची गोष्ट सांगतात. १८९० साली तिथल्या टोप्यांच्या विभागातल्या एका बाईनं भुकेनं कावलेल्या गिऱ्हाइकांना आपल्या डब्यातलं खायला दिलं. दुकानदाराच्या लक्षात आलं की गिऱ्हाईक उपाशी असलं की खरेदी अर्धी टाकून घरी जातं, आणि पोट भरलं की आणखी दोन तास फिरतं. त्यातून दुकानातच खाण्याची सोय झाली. जपानमधल्या मोठ्या दुकानांनी तर वरच्या मजल्यांवर अख्ख्या कुटुंबासाठी भोजनालयं काढली. टोकियोच्या मित्सुकोशी या दुकानानं १९३० साली लहान मुलांसाठी वेगळं ताट सुरू केलं, भाताच्या मुदीवर छोटा झेंडा खोचलेलं. तिकडं याला शॉवरचा परिणाम म्हणतात. गिऱ्हाईक आधी वर चढवायचं, मग ते पाण्यासारखं मजल्या-मजल्यावरून खाली उतरतं आणि उतरता-उतरता काहीबाही घेत येतं.

यातून आपल्या कामाचं एवढंच. बस्ता आधी पूर्ण करा, जेवण शेवटी ठेवा आणि वरून खाली लिफ्टनं उतरा. सरकत्या जिन्यानं उतराल तर प्रत्येक मजल्यावर कोणीतरी थांबतंच. आमच्या मामीनं जेवून उतरताना तीन बेडशीट घेतल्या, त्या कोणाच्या यादीत नव्हत्या.

पण उपाशीपोटी बस्ता घेऊ नका. भुकेल्या माणसाला कोणतीच साडी आवडत नाही आणि इवायासमोर (व्याह्यासमोर) घरच्यांची तोंडं फुगतात. सकाळी नागपुरात उतरल्याबरोबर सगळ्यांनी तर्री पोहे हाणा आणि मगच दुकानात शिरा.

वेळ: इथंच निम्मं काम होतं

उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा हिशेब वेगळा आहे.

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं लग्नं सुरू होतात, म्हणजे बस्ते नोव्हेंबर-डिसेंबरात. डिसेंबरच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य साडेपाचच्या सुमाराला मावळतो. या दिवसांत माझा सल्ला असा की वर दुपारचं जेवण करूच नका. दुपारी खाली एखाद्या साध्या भोजनालयात थाळी जेवा आणि पावणेपाचला चहा-नाश्त्याला वर जा. एका बैठकीत उजेडातलं शहर दिसतं, मावळतीचं दिसतं आणि दिवे लागलेलंही दिसतं. सहा माणसांचा चहा, भजी, एखादं सँडविच, पोरांचं आइस्क्रीम, एवढ्यावर भागतं. पूर्ण जेवणाच्या मानानं बिल बरंच कमी येतं. शिवाय दुपारच्या जेवणानंतर किचन थंडावतं आणि संध्याकाळचं अजून पेटलेलं नसतं, त्यामुळे या वेळात गर्दी कमी असते आणि काचेजवळचं टेबल बहुधा मिळतं. ज्या वेळेनं मला मे महिन्यात फसवलं, तीच डिसेंबरात सगळ्यात फायद्याची.

उन्हाळ्यात उलटं करा. मेच्या अखेरीस सूर्य पावणेसातच्या पुढं मावळतो, तोवर थांबलात तर गाडी गेली. चार वाजता पश्चिमेची काच तव्यासारखी तापते, एसी कितीही असो. म्हणून उन्हाळ्यात साडेबाराला जेवायलाच बसा. बाहेर पंचेचाळीस अंशांचा भडका असताना थंडगार काचेमागून रिकामे रस्ते बघत जेवण्यात वेगळीच मजा आहे. ऊन डोक्यावर असल्यानं डोळ्यांवर येत नाही. आणि तीनपर्यंत उठायचा तगादाही सहसा कोणी लावत नाही.

रात्रीच्या दिव्यांचा मोह सगळ्यांना असतो, पण गावाकडं परतणाऱ्या माणसाला तो झेपत नाही. शिवाय रात्री आतल्या दिव्यांमुळे काचेचा आरसा होतो. शहर बघायला वाकावं तर आपलंच तोंड दिसतं.

शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवार बरा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असलं तर बर्डीकडचे, म्हणजे सीताबर्डीकडचे रस्ते मोर्चांमुळे कधी बंद होतील सांगता येत नाही. पेपर बघून तारीख ठरवा. दसऱ्याला आणि १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. त्या दिवशी तिकडं दर्शनाला जायचं असेल तर आनंदानं जा, पण त्यातच बस्ता घालू नका.

निघायच्या आधीचा एक फोन

हा फोन बरेच जण करत नाहीत. आपल्याला वाटतं, फोन करून जेवायला जायचं म्हणजे आपण कोण मोठे! पण त्यांच्याकडं रोज असे पन्नास फोन येत असतात. आदल्या दिवशी दुपारी तीन-चारला करा, तेव्हा त्यांना बोलायला उसंत असते.

विचारायचं असं. काचेजवळचं टेबल किती माणसांचं आहे? बहुतेक ठिकाणी खिडकीची टेबलं चौघांचीच असतात. दहा जण असाल तर आतल्या बाजूला लांब टेबल देतात, तिथून फक्त शेजारचं टेबल दिसतं. त्यामुळे "आम्हाला खिडकीची दोन टेबलं लागून द्या," असं स्पष्ट सांगा. काच कोणत्या दिशेला आहे? गच्ची उघडी आहे की बंद? किचन कधी बंद होतं? माणशी किमान इतक्याचं मागवावंच लागतं, अशी अट आहे का? लिफ्ट थेट वरपर्यंत जाते की शेवटचा मजला पायऱ्यांनी चढावा लागतो? हा शेवटचा प्रश्न गुडघेवाल्यांसाठी विसरू नका. बऱ्याच गच्च्यांना शेवटच्या वीस पायऱ्या असतातच.

दारू मिळते का, हेही विचारून घ्या. मिळत असेल तर कुटुंबाला बसायला वेगळा भाग आहे का, ते बघा. घरात माळकरी असतील तर शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का, हे मोकळेपणानं विचारा. आमचे आबाजी माळकरी. वेगळं होत नाही असं कळलं, तेव्हा त्यांच्यासाठी फक्त चहा आणि आइस्क्रीम मागवलं आणि त्यांनी वर बसून सोबतच्या पिशवीतली केळी... नाही, ती खाऊ देत नाहीत, ते पुढं येईलच.

टेबल राखून ठेवतात ते साधारण पंधरा-वीस मिनिटं. बस्त्यात एक तास इकडं-तिकडं होतोच. म्हणून दुकानातून निघण्याआधी आणखी एक फोन टाका, "आम्ही खाली तिसऱ्या मजल्यावर आहोत, वीस मिनिटांत येतो."

पोचणं आणि वर चढणं

एसटीनं येत असाल तर सगळ्यांची आधार कार्डं सोबत घ्या. पंचाहत्तरच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. दहा माणसांच्या जथ्यात एवढ्यात चहा-नाश्त्याचे पैसे सहज सुटतात.

गणेशपेठच्या बसस्थानकावर उतरलात की ऑटोवाले घेरतात. घाई नसेल तर कॉटन मार्केट स्टेशनवरून मेट्रो धरा, सीताबर्डी पुढचंच स्टेशन. आमचे काका नाव वाचून म्हणाले, "कॉटन मार्केट? मंग भाव इचारून येऊ काय आजचा?" मेट्रो रस्त्याच्या वरून जाते, म्हणजे देखाव्याची सुरुवात तिथूनच होते. खरं सांगायचं तर आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना रेस्टॉरंटापेक्षा मेट्रोच जास्त आवडली, आणि ती दहा-पंधरा रुपयांत होते.

दुकानाच्या दारात पिशव्या तपासतात. बाहेरचं खाणं वर नेऊ देत नाहीत. शिदोरी, केळी, चिवडा, सगळं खाली सामानाच्या काउंटरवर ठेवून टोकन घ्यायचं. आमच्या काकूनं ठेच्याची डबी द्यायला नकार दिला. "हे का बाम्ब हाये काय?" असं गार्डला विचारलं. शेवटी डबी पिशवीसकट काउंटरवर गेली. औषधं आणि लहान बाळाचं दूध मात्र वर न्यायला कोणी अडवत नाही, ते वेगळं काढून ठेवा.

आता सरकता जिना. याची भीती वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. लंडनच्या हॅरॉड्स दुकानात १८९८ साली असा जिना पहिल्यांदा बसवला, तेव्हा वर पोचलेल्या साहेब-मडमांना धीर यावा म्हणून ब्रँडी पाजत होते. आपल्याकडं कोणी काही पाजत नाही, म्हणून हे नीट वाचा. आधी बाजूला उभं राहून दोन-चार माणसं कशी चढतात ते बघू द्या. लुगड्याचा काठ, धोतराचा सोगा हातानं वर धरायचा. पट्टा आधी हातात, मग पाय. पायरीच्या पिवळ्या रेघेवर पाय ठेवायचा नाही, मधोमध ठेवायचा. नजर खाली न ठेवता समोर. वर पोचल्यावर थबकायचं नाही, दोन पावलं पुढं जायचं, नाहीतर मागचे येऊन आदळतात. पोरांच्या मऊ रबरी चपला कडेच्या फटीत अडकतात, त्यांना मधे उभं करा. आणि कोणी नकोच म्हणत असेल तर ओढू नका, लिफ्ट आहेच. लिफ्ट बहुतेक कोपऱ्यात लपवलेली असते. गार्डला विचारा.

कोण कुठं बसणार

हे आधी ठरवलं नाही तर मोबाइलवाली पोरं काचेजवळ आणि आजी वेटरच्या वाटेत, असं होतं. वयानं सगळ्यात मोठ्या माणसाला काचेकडं तोंड करून बसवा. कडेला नको, समोर. लहान पोरं दुसऱ्या फेरीत काचेजवळ येऊन उभी राहतील, त्यांना खुर्ची नकोच असते. गुडघे दुखणाऱ्यांना सोफ्यावर बसवू नका. या ठिकाणचे सोफे इतके खोल असतात की उठवायला दोघं लागतात. साधी उंच खुर्ची मागा.

बसण्याआधी बाथरूम कुठं आहे ते बघून या. बऱ्याचदा ते खालच्या मजल्यावर असतं, हे जेवण ताटात आल्यावर कळणं वाईट.

मेनू कार्ड

कार्ड इंग्रजीत असतं, अक्षर बारीक आणि दिवे मंद. मोबाइलची बॅटरी लावून वाचा, कोणी हसत नाही. हसलं तर हसू द्या.

स्टार्टर म्हणजे आधी चघळायचं. मेन कोर्स म्हणजे भाजी, भात, रोटी. मॉकटेल म्हणजे दारू नसलेलं रंगीत शरबत, आपल्या कोकमाच्या तिप्पट-चौपट किमतीचं. सिझलर म्हणजे तापलेल्या लोखंडी ताटात धूर काढत येणारं, ते लहान पोरांच्या हाताशी ठेवू देऊ नका. हिरवा ठिपका शाकाहारी. मांसाहाराला हल्ली तपकिरी त्रिकोण असतो.

पोऱ्या आला की पहिलं विचारतो, "मिनरल की रेग्युलर?" इथं जो गडबडतो त्याच्या बिलात सहा बाटल्या येतात. "साधं पाणी द्या," एवढंच म्हणा. बाटली घेतलीच तर तिच्यावरच्या छापील किमतीवरून भांडू नका. हॉटेलात बसून पिण्याच्या पाण्याला जास्त पैसे लावता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे.

चवीबद्दल. विदर्भाच्या जिभेला इथली बहुतेक लाल ग्रेव्ही गोड लागते. मखनी, शाही, मलाई ही नावं दिसली की समजा काजू, साय आणि साखरेचा हात. कढाई, कोल्हापुरी, तवा, अचारी या बाजूला राहा. आणि "तिखट करा" एवढं म्हणून भागत नाही, कारण त्यांचं तिखट म्हणजे आपलं पोरासोरांचं वरण. "हिरवी मिरची चिरून वेगळी द्या, लिंबू-कांदा द्या," असं सांगा. हे फुकट मिळतं, आणि अर्धी नाराजी तिथंच मिटते.

एका भाजीच्या वाटीत दोन-तीन माणसं जेवतात, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला माहीत नसतं. सहा माणसांना तीन भाज्या, एक डाळ, दोन भात पुरतात. सूप "वन बाय टू" मागितलं की एकाचं दोन वाट्यांत आणतात. रोटी एकेक मोजून लागते आणि गार झाली की चामड्यासारखी होते. म्हणून एकदम दहा मागवू नका, तीन-तीन मागवा. कवळी असलेल्यांना नान देऊ नका, फुलके मिळतात का विचारा, नाहीतर सरळ डाळ-भात. सगळं एकदम सांगून टाकलं की पोऱ्या सगळं एकदमच आणून आदळतो आणि बघता-बघता तुम्ही बिल हातात घेऊन बसलेले असता. थोडं-थोडं मागवा. जितका वेळ मागवणं चालू, तितका वेळ खुर्ची तुमची.

मागवल्यापासून ताट यायला अर्धा तास धरा. साखरेचा आजार असलेल्या माणसासाठी बसल्याबरोबर लवकर येणारं काहीतरी सांगून ठेवा. आणि उपवास आहे का ते घरूनच विचारा. आमच्याकडं टेबलावर बसल्यावर कळलं की आत्याची चतुर्थी. फ्रेंच फ्राइजवर निभावलं, पण मीठ कोणतं, या प्रश्नावर वेटर पाच मिनिटं आत गेला.

एक शब्द मात्र जपून वापरा. आमच्या काकूनं पुलाव बघून वेटरला सांगितलं, "भाऊ, वरून जरासा सांबार टाका ना." तो मुलगा बाहेरच्या राज्यातला असावा. त्यानं मान हलवली आणि डोशासोबत देतात त्या सांबाराची वाटी आणून पुलावावर ओतायला घेतली. कोथिंबीर म्हणा.

हातानं जेवायचं की काट्यानं, यावर घरात उगाच चर्चा होते. ज्याला जसं येतं तसं. बेसिन दाखवा म्हणावं, हात धुवावेत आणि नेहमीसारखं जेवावं. चमचा-काटा उलटा धरला म्हणून जेवण आतलं बाहेर येत नाही. नॅपकिन मांडीवर टाकायचा तो लुगडं खराब होऊ नये म्हणून, त्यापलीकडं त्यात काही नाही. फक्त बशीत चहा ओतून प्यायची सवय असेल तर इथं कपाला बशी नसते, मगमध्ये चहा येतो. "एक रिकामी बशी द्या," म्हणा. देतात.

खिडकीतून काय बघायचं

इथं बहुतेकांची पंचाईत होते. वर पोचतात, "अबब" म्हणतात, फोटो काढतात आणि दहा मिनिटांत मोबाइलमध्ये बुडतात. कारण समोर जे दिसतं त्याची नावंच माहीत नसतात. तुम्ही घरून थोडी तयारी करून जा.

बर्डीच्या आसपास उंचावर असाल तर झाडीनं भरलेली टेकडी शोधा. तो सीताबर्डीचा किल्ला. नोव्हेंबर १८१७ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि इंग्रज यांची लढाई याच टेकड्यांवर झाली आणि नागपूरच्या भोसल्यांचं राज्य खऱ्या अर्थानं तिथंच खचलं. आता किल्ला लष्कराकडं आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतात. आपल्या आबाजींना हे सांगितलं तर ते पुढचा अर्धा तास भोसल्यांवर बोलतील, जेवण येईपर्यंतची सोय होते.

मेट्रोचे खांब दिसतातच. सीताबर्डीला दोन मार्ग एकमेकांना छेदतात, एक उत्तर-दक्षिण, एक पूर्व-पश्चिम. पोरांना गाड्या मोजायला लावा. जवळच झिरो माइलचा दगडी खांब आणि चार घोडे आहेत, पण ते खाली, झाडांत आणि इमारतींत हरवतात. वरून दिसतीलच असं धरून चालू नका. दीक्षाभूमीचा पांढरा घुमट नैर्ऋत्येला शोधायचा.

पण म्हातारी माणसं पहिला प्रश्न यातला एकही विचारत नाहीत. आईनं खुर्चीवर बसल्याबरोबर विचारलं, "आपलं गाव कोन्या बाजूले हाये रे?" मला पटकन सांगता आलं नाही. वेटरलाही नाही. म्हणून हे पाठ करून जा: वर्धा रोड दक्षिणेला, म्हणजे वर्धा, हिंगणघाट, यवतमाळ, चंद्रपूरवाल्यांची दिशा तीच. अमरावती रोड पश्चिमेला. काटोल रोड वायव्येला. भंडारा रोड पूर्वेला, उमरेड रोड आग्नेयेला, आणि कामठीवरून जबलपूरकडं जाणारा उत्तर-ईशान्येला. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून मोबाइल हातावर आडवा, सपाट धरा आणि बोट दाखवा. आमची काच दक्षिणेची निघाली. मग आई पाऊण तास तिकडंच बघत होती. मधेच म्हणाली, "आता तुरीले पानी सोडलं असन त्यायनं." ऐंशी किलोमीटरवरचं वावर तिला दिसत होतं की नाही, मी विचारलं नाही.

फोटो काढताना मोबाइल काचेला अगदी टेकवून धरा, म्हणजे आतल्या दिव्यांची तिरीप येत नाही. घरच्यांचा फोटो काचेकडं पाठ करून काढला तर उजेडात सगळे काळे येतात. संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा एक काढा, तो बरा येतो. उघडी गच्ची असेल तर पोरांना कठड्यावर बसवून फोटो काढायचा आचरटपणा करू नका.

बिल

इवाई सोबत असेल तर बिल देण्यावरून काउंटरवर ओढाताण होणारच. दोघंही खिशाला हात घालतात, आवाज चढतो, आणि वरचे लोक वळून बघतात. बसल्याबरोबर वेटरला बाजूला घेऊन "बिल माझ्याकडंच आण," असं सांगून ठेवा.

बिल नीट वाचा. समजा पदार्थांचे २४०० रुपये झाले. रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, तो अडीच-अडीच असा दोन ओळींत लिहिलेला असतो, म्हणून दोनदा लावला असं वाटतं, पण तसं नसतं. म्हणजे १२० रुपये आणि एकूण २५२०. रेस्टॉरंट मोठ्या हॉटेलात असेल, जिथं खोलीचं एका रात्रीचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे, तर मात्र १८ टक्के लागतो. मॉल किंवा स्टोअरच्या गच्चीवरच्या बहुतेक ठिकाणी ५ च.

आता मधल्या ओळीत "सर्व्हिस चार्ज १० टक्के" असेल तर थांबा. त्यात २४० रुपये जातात, वर त्याच्यावरही जीएसटी लावला की बिल २७७२ होतं. हा कर नाही, सरकारकडं जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आहे की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, तो देणं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. तेव्हा आवाज न चढवता म्हणा, "हा काढून नवीन बिल द्या." काढतात. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पहिल्या खेपेला मला हे माहीत असतं तर माझे अडीचशे वाचले असते. त्यातले पन्नास मी त्या धावपळ करणाऱ्या पोऱ्याच्या हातात दिले असते. सेवा आवडली तर असेच द्या, थेट त्याला.

फोनवरून पैसे देणार असाल तर रेंज आहे ना ते आधी बघा, आणि दोन हजार रोख खिशात असू द्या.

परतीची वाट

गाडीच्या वेळेच्या दीड तास आधी उठा. दहा माणसं उठायला, बाथरूमला जायला आणि लिफ्टमध्ये मावायला अर्धा तास जातो. खाली सामानाचं टोकन कोणाकडं आहे, यावर दहा मिनिटं. ते टोकन एकाच माणसाच्या खिशात ठेवा, आणि तो माणूस नवरदेव नको. त्याचं त्या दिवशी कशातच लक्ष नसतं.

उरलेलं जेवण पार्सल मागा, संकोच करू नका. पैसे तुम्ही दिलेत. सोबत दोन-चार चमचेही मागून घ्या. आम्ही मागितले नव्हते. बुटीबोरी मागं पडल्यावर काकूनं त्या गोड पनीरचा डबा उघडला, काउंटरवरून सोडवून आणलेली ठेच्याची डबी त्यात रिकामी केली, बोटानं ढवळलं आणि मागच्या सीटवर सरकवत म्हणाली, "आता खा. आता लागते जेवल्यासारखं."